नक्षी शाबूत, टायर म्हातारे: भुसावळच्या एका गाडीचं प्रकरण

नमुन्यादाखल घेतलेली गाडी मे २०१८ ची पेट्रोल सेदान आहे. टायरचं माप १६५/८० आर १४, मीटरवर ३८,४०० किलोमीटर. मालक रेल्वेतून निवृत्त, घर भुसावळला. रोजचं काम स्कूटरवर भागतं. गाडी आठवड्यातून एकदा जळगावला किंवा यावल-फैजपूरकडे पाहुण्यांत जाऊन येते, बाकीचे दिवस अंगणात उभी. अंगणाला छप्पर नाही आणि गाडीची उजवी बाजू पश्चिमेला येते.

एप्रिल २०२५ मध्ये प्रश्न उभा राहिला. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, ३० तारखेला. माहेरी येणाऱ्या लेकीला मेच्या पहिल्या आठवड्यात नागपूरला पोचवायचं. माणसं पाच, डिकीत बॅगा आणि बिबड्या-कुरडयांचे डबे. खामगाववरून मेहकरला जाऊन समृद्धी महामार्ग धरायचा, म्हणजे तिथून पुढे १२० च्या मर्यादेचा, न वळणारा, न थांबणारा रस्ता, तोही मेच्या उन्हात. हे टायर तेवढं निभावतील का?

घरच्यांचं मत असं, की पुढचे दोन घासलेत तेवढे बदलावेत, मागचे नव्यासारखेच आहेत. टायरच्या दुकानातही दुजोरा मिळाला: "नाना, मागच्यांना कशाला हात लावता? नक्षी बघा ना केवढी आहे!" तपासणीनंतर मात्र गाडीतला सगळ्यात वाईट टायर मागेच सापडला.

तपासणीआधी टायर धुवायचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. सर्व्हिसिंगच्या वेळी टायरला काळी चकाकी मारलेली असते, तिच्याखाली बारीक तडे लपतात. त्यातल्या काही तेलकट पॉलिशमुळे रबरातलं संरक्षक मेणही धुपून जातं. साबणाचं पाणी आणि प्लॅस्टिकचा ब्रश घेऊन चारही टायर दोन्ही बाजूंनी घासले, सावलीत वाळवले आणि मग सकाळी सहा वाजता, गाडी रात्रभर उभी असताना, हवा मोजली. हवेचं कुठलंही माप गार टायरवरच खरं असतं.

तारीख कळते ती टायरच्या बाजूवर 'डीओटी'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटच्या चार आकड्यांवरून. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. हे चार आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि नेमकी तीच बाजू आत गेलेली असते. पुढच्या चाकांना स्टिअरिंग पूर्ण वळवून वाचता येतं. मागच्यांना मोबाइल खाली धरून फोटो काढावा लागतो. नक्षीची खोली दीड-दोनशे रुपयांच्या मापकाने आत, मध्ये, बाहेर अशी तीन ठिकाणी घेतली.

- मागचा उजवा: कोड ०९१८. नक्षी कडांना ४.९, मध्ये ५.३ मिमी. हवा २३ पौंड. बाहेरच्या बाजूवर तडे, नक्षीच्या खोबणीच्या तळाशीही.
- मागचा डावा: कोड ०९१८. कडांना ५.०, मध्ये ५.३. हवा २५. बाजूवर केसासारख्या रेषा, खोबणीत तुरळक.
- पुढचा डावा: कोड ४४१९. तिन्ही ठिकाणी ४.६ च्या आसपास. हवा २७. तडे नाहीत.
- पुढचा उजवा: कोड ४४१९. बाहेर २.३, मध्ये ४.२, आत ४.३. हवा २६. दोन पंक्चर काढलेले, त्यातलं एक खांद्याजवळ, म्हणजे नक्षी संपून टायरची बाजू सुरू होते तिथे.
- स्टेपनी: कोड ०८१८. ७.८ मिमी, साच्यातले रबरी केसही अजून तसेच. हवा १४.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरची कंपनीची पट्टी सांगते, हवा ३३ पौंड हवी.

पुढच्या जोडीच्या कोडकडे एकदा नीट बघा. मार्च २०२२ मध्ये महामार्गाच्या कामातल्या खड्ड्यात एका टायरला फुगा आला, म्हणून ही जोडी 'नवी' घेतली होती. कोड मात्र २०१९ च्या ४४ व्या आठवड्याचा, म्हणजे ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीचा. दोन वर्षं चार महिने ती दुकानात पडून होती. बिलावरची तारीख धरली तर टायर तीन वर्षांचे, कोड धरला तर साडेपाच. सावलीत, न ताणता ठेवलेला टायर रस्त्यावरच्यापेक्षा सावकाश म्हातारा होतो हे खरं, पण वय मोजायचं ते कोडवरूनच.

वय म्हणजे नेमकं काय होतं

कायद्याची मर्यादा नक्षीपुरती आहे: कारसाठी १.६ मिमी. खोबणीत 'टीडब्ल्यूआय'च्या खुणेसमोर रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांना टेकली की टायर संपला. पण वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालणारी गाडी तिथवर पोचतच नाही. तिच्या टायरचा घास ऊन आणि प्राणवायू घेतात.

रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरताना दबतो-ताणतो तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत हे घडत नाही. त्यामुळे कमी वापरलेला टायर जास्त टिकतो हा हिशोब अर्धाच बरोबर. बाजूवरच्या केसासारख्या रेषा ही त्याची पहिली खूण, आणि तेवढ्यावर टायर काढायची गरज नसते.

खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. नक्षीखाली पोलादी तारांचे दोन पट्टे एकावर एक असतात. त्यांच्या कडांना, टायरच्या खांद्याजवळ, प्रत्येक फेऱ्यात सगळ्यात जास्त ताण येतो. टायरमध्ये दाबून भरलेल्या हवेतला प्राणवायू आतल्या अस्तरातून हळूहळू झिरपत याच रबरापर्यंत पोचतो आणि ते कडक, ठिसूळ करत जातो. तापमान दर १० अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. भुसावळचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळिशी ओलांडतो, उन्हातल्या फरशीवर टेकलेला टायर त्याहून तापतो. थंड प्रदेशाच्या हिशोबाने लिहिलेलं आयुष्य इथे पुरत नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाने २००७ मध्ये तिथल्या काँग्रेसला दिलेल्या अहवालात एका मोठ्या विमा कंपनीचे आकडे आहेत: टेक्सास, ॲरिझोनासारख्या पाच उष्ण राज्यांत ग्राहक २७ टक्के, टायरचे दावे मात्र ७७ टक्के, आणि त्यातले ८४ टक्के टायर सहा वर्षांहून जुने.

अनेक वाहन कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. मिशेलिन, कॉन्टिनेंटलसारखे टायरवाले दहा वर्षं ही वरची हद्द सांगतात, पण मिशेलिन पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणीची अटही घालतं. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या खानदेशातल्या गाडीला सहा हाच आकडा धरावा. दहाची गोष्ट गॅरेजमधल्या गाडीची आहे.

मागच्या उजव्या टायरचं निदान

तडे कुठे आहेत यावर सगळं अवलंबून. अंगठ्याने दोन्हीकडून दाबून तडा उघडायचा. बाजूवरची रेष उघडत नसेल तर लक्ष ठेवायचं. उघडत असेल, आत शिरत असेल, किंवा टायरभोवती गोलाकार सलग जात असेल तर टायर बाद. आणि खोबणीच्या तळाचा तडा सगळ्यात वाईट, कारण तिथून पोलादी पट्ट्यापर्यंत रबराचा पातळ थरच उरतो. पावसाळ्यात पाणी शिरतं आणि तार गंजते. मागच्या उजव्या टायरला मधल्या दोन खोबण्यांत बोटभर लांबीचे असे तडे होते. डावीकडच्यापेक्षा उजवीकडे जास्त, कारण दुपारचं ऊन त्याच बाजूला लागत होतं.

कडकपणाही बघितला. ड्युरोमीटरवर कारच्या नव्या नक्षीचं रबर शोर ए मापाने साधारण ६० ते ७० भरतं. या टायरचं ७८ भरलं. हे माप सावलीत, सगळ्या टायरचं एकाच वेळी घ्यायचं. उन्हात रबर मऊ होतं आणि आकडा फसवतो. यंत्र नसेल तर अंगठ्याचं नख नक्षीत रुतवून पाहावं. नव्या रबरात वण उमटतो, म्हाताऱ्यात नखच दुखतं.

निकाल मात्र पेन्सिलीने लावला. घरच्यांची एक जुनी तक्रार होती: साठच्या पुढे मागून 'धप-धप' असा आवाज येतो. बेअरिंग गेलं असेल म्हणून ती बाजूला ठेवलेली. बेअरिंगचा आवाज घरघरीचा असतो आणि वळणावर, वजन एका बाजूला गेलं की बदलतो. ठरावीक ठेक्याचा, वेगाबरोबर जलद होणारा धपधपाट टायरकडे बोट दाखवतो.

सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावल्या, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली, मागचं उजवं चाक जॅकवर उचललं आणि हँडब्रेक सोडला. हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो, तो लावलेला असेल तर चाक फिरणारच नाही. म्हणूनच विटांवर हयगय करायची नाही. विटेवर पेन्सिल ठेवून तिचं टोक नक्षीच्या मधल्या पट्ट्यापासून २ मिमीवर आणलं आणि चाक हाताने सावकाश फिरवलं. जवळजवळ पूर्ण फेरा अंतर सारखं राहिलं. मग व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला टोक रबराला घासलं, वीतभर घासत गेलं, आणि पुन्हा सुटलं. रिम वाकडी असेल अशी शंका राहू नये म्हणून पेन्सिल रिमच्या कडेला धरून पुन्हा फिरवलं; रिम सरळ. म्हणजे नक्षी त्या जागी निदान दोन मिलिमीटर वर आली होती. आत पोलादी पट्टे एकमेकांपासून सुटायला लागले होते.

असा टायर जळगावच्या फेरीत महिनोन्महिने चालतो, हेच फसवं आहे. तीस किलोमीटर जाऊन तो थंड होतो. समृद्धीवर शंभर-सव्वाशेने तासभर चालला की उष्णता साठत जाते, सुटलेली जागा पसरते आणि नक्षीचा अख्खा पट्टा उडतो. मागचा टायर असा गेला की गाडीचं शेपूट फेकलं जातं, आणि त्या वेगाला ते स्टिअरिंगने सावरणं फार थोड्यांना जमतं.

डाव्या मागच्याचं पेन्सिलीत काही निघालं नाही. तरी त्याचा कोड, ऊन आणि हवा तीच.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, ही समजूत

या प्रकरणातलं मूळ दुखणं इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर. मे महिन्यात हवा फुगते आणि टायर फुटतो, तेव्हा चार-सहा पौंड कमीच भरा, हा सल्ला खानदेशात जवळपास प्रत्येक हवेच्या यंत्रापाशी मिळतो. हिशोब करून पाहू. सकाळी २८ अंशांना ३३ पौंड भरले आणि धावताना आतली हवा ६५ अंशांवर गेली, तर दाब होतो साधारण ३९. या टायरच्या बाजूवर कमाल दाब लिहिलाय ३०० किलोपास्कल, म्हणजे ४४ पौंड, आणि तो गार टायरसाठी आहे. ३९ ने चांगल्या टायरला काहीही होत नाही.

उलट २४ पौंडांवर टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतात. वाकण्यातून उष्णता होते. भार डोक्यावर, वेग १००, आणि हवा कमी: पट्ट्यांच्या कडा भाजण्याची याहून पक्की रीत नाही. मागच्या दोन्ही टायरच्या कडा मधल्यापेक्षा जास्त घासल्या होत्या, ती याच सवयीची नोंद. टायर हवा जास्त झाल्याने फुटला असं ज्याला म्हणतात, तो बहुतेक वेळा हवा कमी असल्याने आतून जळलेला असतो.

दुसरी चूक दुपारी होते. गाडी चालवत पंपावर नेली, तापलेल्या टायरमध्ये ३९ दिसले, पंपावरच्या मुलाने हवा सोडून ३३ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे २८ च्या आसपास उरतात. तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नये. नायट्रोजन भरला तरी हा हिशोब तसाच राहतो, वायू बदलल्याने दाबाचं गणित बदलत नाही. घरी स्वतःचं गेज ठेवावं, दर पंधरा दिवसांनी सकाळी मोजावं. पूर्ण भार नेताना पट्टीवर वेगळा आकडा दिला असेल तर तो घ्यावा.

पुढची जोडी आणि स्टेपनी

पुढचा उजवा बाहेरच्या कडेला अर्ध्याहून जास्त घासला आहे, आणि तो एकटाच. हवेची चूक असती तर दोन्ही कडा घासल्या असत्या. एक कड म्हणजे चाकाचा कोन बिघडला. गाडी उचलून चाक हलवलं तर लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशला खेळ निघाला. तो न बदलता अलाइनमेंट करून उपयोग नाही. यंत्रावर आकडे जुळतात आणि पहिल्याच खड्ड्यात हलतात. त्यातच खांद्याजवळचं पंक्चर. पंक्चरची दुरुस्ती नक्षीच्या मधल्या भागात, ६ मिमीपर्यंतच्या भोकालाच चालते. खांद्याला किंवा बाजूला नाही, कारण तिथलं रबर सतत वाकतं. हा टायर बाद.

पुढचा डावा ठीक आहे. साडेपाच वर्षं, ४.६ मिमी, तडे नाहीत, पेन्सिलीत सरळ.

स्टेपनी दिसायला घरातला सर्वांत देखणा टायर. नक्षी पूर्ण, कधी रस्ता न पाहिलेला, म्हणून तोच मागे लावून एक टायर वाचवावा अशी सूचना आली. पण तोही २०१८ चा. डिकीत त्याला ऊन लागलं नाही म्हणून तडे कमी, पण बंद गाडी मेमध्ये भट्टीसारखी तापते आणि रबर न चालताही जुनं होतं. नवी नक्षी जाड असते, त्यामुळे तो वेगात जास्त तापेल. सात वर्षांच्या स्टेपनीचं काम गावातल्या दुकानापर्यंत सावकाश पोचवणं एवढंच.

निर्णय

चांगला उरला एकच. दोन नवे घेतले तर ते मागे लावावे लागले असते (नवी जोडी नेहमी मागे, पावसात मागचं चाक आधी तरंगलं तर गाडी गरकन फिरते), पुढे डावा जुना आणि उजव्या जागी काहीच नाही. तीन घेतले तर एका आसावर एक नवा, एक अर्धा घासलेला. म्हणून चार नवे, आणि पुढचा डावा स्टेपनीला. २०१८ चे तिन्ही बाद. एक टायर सुमारे ४,८०० ने चार म्हणजे १९,२००, शिवाय बुश, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट.

मागचा उजवा दुकानापर्यंतही चालवायचा नव्हता. स्टेपनीत ३३ भरून ती त्या जागी लावली आणि गाडी चाळीसच्या आत नेली.

खरेदीत दोन गोष्टींवर अडून बसायचं. एक, चारही टायरचे कोड बसवण्याआधी स्वतः वाचायचे आणि बिलावर लिहून घ्यायचे. सहा महिन्यांच्या आतले उत्तम, वर्षापर्यंत चालतील, त्यापुढचे परत. सवलत बहुधा जुन्या मालावरच असते. दुसरी, माप तेच आणि '८५टी'पेक्षा कमी काही नाही: ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, टी म्हणजे १९० चा वेग. आयएसआय खूण बघायची.

बसवताना रबरी व्हॉल्व्ह नवेच घालायचे. काही रुपयांची वस्तू, पण तीही टायरइतकीच म्हातारी असते. रिमच्या कडेचा गंज तारेच्या ब्रशने काढून घ्यायचा, नाहीतर नव्या टायरची हवा हळूहळू जाते आणि दोष टायरवर येतो. नट एअर गनने शेवटपर्यंत आवळू द्यायचे नाहीत. शेवटची आवळणी टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. नव्या नक्षीवर साच्याचा बुळबुळीत थर असतो, तो जाईपर्यंत दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक-वळणं टाळायची. म्हणून हे काम प्रवासाच्या आदल्या दिवशी न करता आखाजीच्या आठवडाभर आधी उरकलं.

जुने टायर दुकानात सोडताना बाद टायरच्या बाजूला कटरने आरपार चीर मारून घेतली. नाहीतर घासलेल्या नक्षीत नवे कट मारून, काळं पॉलिश लावून तोच टायर दुसऱ्या कुणाच्या गाडीखाली जातो. हातगाडीला गेला तर हरकत नाही. माणसाच्या चालीच्या वेगात तो वर्षानुवर्षं टिकेल.

प्रवास नसता तर?

समजा नागपूरचा बेतच नसता आणि गाडी जळगाव-यावलपुरतीच फिरणार असती. मागचा उजवा आणि पुढचा उजवा तरीही त्याच दिवशी निघाले असते, त्यात तडजोड नाही. दोन नवे मागे, पुढे डाव्या बाजूला सध्याचाच आणि उजव्या बाजूला मागून काढलेला डावा, वेग ऐंशीच्या आत, हवा ३३, आणि मृगाचा पाऊस पडायच्या आत पुढची जोडीही बदलायची. पैसे दोन हप्त्यांत गेले असते एवढंच. अलाइनमेंट दोनदा करावी लागली असती. बुश दोन्ही परिस्थितीत आधी.

आत्ताच्या व्यवस्थेत पुढची नोंद अशी: दर ८,००० किलोमीटरला चाकांची अदलाबदल, पुढची मागे आणि मागची पुढे, उन्हाळ्यात गाडी उलटी उभी करायची, म्हणजे ऊन एकाच बाजूला लागणार नाही, आणि स्टेपनीचा कोड ४४१९ डिकीच्या झाकणाच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवायचा, शेजारी सहा वर्षांची हद्द: २०२५ ची दिवाळी.